थर्मामीटरातलं काजळ

आंबेजोगाईच्या छावणीतले डॉक्टर बदलून निघाले, तेव्हा त्यांच्या सामानातलं एक जुनं यंत्र मी विकत घेतलं. मी साधा कंपाउंडर. निजामाच्या मोगलाईत असल्या माणसानं यंत्र घ्यावं म्हणजे डोक्यात शिरलेलं खूळ, असं सगळी आळी म्हणायची. म्हणू दे. एक वाकडी काचेची नळी, तिच्यात तिळाचं तेल, तेलात थर्मामीटर, खाली स्पिरिटचा दिवा. औषधाची चिमूट केसासारख्या बारीक नळीत भरून थर्मामीटरला बांधायची नि तेल तापवत बसायचं. त्या वेळची तापाची पावडर चांगली असली तर एकशे पस्तीस अंशांच्या आसपास वितळायची. त्याच्या बरंच आधी वितळली, की भेसळ समजायची. भेसळीच्या पावडरीनं ओठ निळे पडत. एक पोर माझ्या डोळ्यांदेखत गेलं होतं, म्हणून तर हा खटाटोप.

चार-सहा वेळा तापलं की तेल काळं पडे, आतलं काही दिसेना. ते बदलायचा मला कंटाळा. अशात आमची लेक तापानं फणफणली. नवी पुडी घेऊन मी घरी आलो, तर बायकोनं काळं तेल ओतून दिलेलं नि सगळं यंत्र राखेनं घासून लख्ख केलेलं. थर्मामीटरसुद्धा. त्याच्या खुणांमधला काळा रंग राखेबरोबर गेला होता. एक आकडा दिसेल तर शपथ.

तोंडाला येईल ते बोललो मी. तिची अक्कल काढली, तिचं माहेर काढलं.

ती लेकीच्या कपाळावरची ओली घडी बदलत म्हणाली, "लई घाण झालतं, म्हून घासलं. द्या की पुडी तिला. आता तपासायचं कावून?"

"न तपासता मी माझ्या लेकीला देणार नाही," मी ओरडलो. भ्यालो होतो मी, दुसरं काय.

तिनं थर्मामीटर हातात घेऊन त्यावरून नख फिरवलं. "अवो, खुणा हायेत की. नखाला लागत्यात." कोनाड्यातली काजळाची डबी आणली, काचेवर बोटानं काजळ चोळलं, पदरानं पुसलं. कोरलेल्या खाचांत काजळ बसलं नि आकडे जसेच्या तसे दिसायला लागले. तिला त्यातला एकही वाचता येत नव्हता.

नवं तेल घालून पावडर लावली. एकशे वीस गाठायच्या आतच तिचं पाणी झालं.

पुडी चुलीत टाकली. मग आम्ही दोघं आळीपाळीनं गार पाण्याच्या घड्या ठेवत बसलो. तिसऱ्या दिवशी लेकीनं भाकर मागितली. बायकोची माफी मागायला मात्र माझी जीभ काही वळली नाही, ती कायमचीच.

गरम तेलात काजळ टिकत नसे. म्हणून दर तपासणीआधी ती लेकीच्या डोळ्यांत काजळ घालायची नि तेच बोट थर्मामीटरवर फिरवायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. लेक माहेरी आली की आपणहून डबी काढून खुणा भरायला थर्मामीटर मागते. मी म्हणतो, आधी तुझ्या डोळ्यांत घाल, तुझी आई तसंच करायची.