आईच्या वाट्याची एक ओळ

मंजुश्री केदारीनं आपल्या जित्याजागत्या आईला कागदावर मारलं, ते काही वाईट मनानं नव्हे. लेख चांगला व्हावा म्हणून मारलं. लिहिणाऱ्या माणसांना असले मोह होतात आणि ते त्यांना गुन्हे वाटत नाहीत, हीच खरी गोम आहे. मंजुश्रीला निदान तो गुन्हा वाटला. पण वाटून उपयोग काय, शाई वाळून गेली होती.

सीमाभागातल्या वडगावात त्यांचं घर. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत संसार. बाप आणि मामा माग चालवायचे, आणि आई, चंपाबाई, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. मामा हा चंपाबाईचा धाकटा भाऊ. मागांच्या खडखडाटात तो दिवसभर ओरडायचा, ‘आक्का, कांडी!’ ‘आक्का, च्या!’ पाळण्यातल्या पोरीच्या कानांवर तेच पडलं आणि पोरगी बोलायला लागली ती आईला ‘आक्का’ म्हणतच. आधी सगळे हसले, मग सगळे विसरले. या बाजूला अशी घरं पैशाला पासरी मिळतील. कुणी बापाला अण्णा म्हणतं, कुणी आप्पा म्हणतं, कुणी सख्ख्या आईला वहिनी म्हणून हाक मारतं. त्यानं नातं बदलत नाही. शब्दकोश मात्र हट्टी. आक्का म्हणजे थोरली बहीण, मराठीत तेच आणि कानडीतही तेच.

मंजुश्री विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. वार्षिक समारंभासाठी निबंधस्पर्धा निघाली, विषय ‘मला घडवणारं माणूस’. पहिला येईल त्यानं आपला लेख समारंभात वाचायचा आणि तो वार्षिकांकात छापला जाणार. मंजुश्रीनं एका बैठकीत लेख लिहून काढला आणि सरांना दाखवला. सर म्हणाले, “मजकूर चांगला आहे, पण जरा लेखन केंद्रात दाखवून आण.”

हे ऐकून तिला रागच आला. लेखन केंद्र म्हणजे ग्रंथालयाच्या मागची एक खोली. कच्च्या पोरांना तिथं धाडतात असा सगळ्यांचा समज, आणि आपण कच्च्या नाही असा मंजुश्रीचा. तरी गेली. अक्कल आणि अभिमान यांत तिच्याकडे अक्कल बोटभर जास्त होती.

केंद्रात अनुराधा मॅडम बसायच्या. नागपूरकडच्या बाई, नुकत्याच नोकरीवर आलेल्या. इकडचं पाणी त्यांना गोड लागलं होतं, पण बोली अजून कानात बसली नव्हती. केंद्राचा एक नियम होता. मॅडम कुणाच्या लेखातला एक शब्दही स्वतः लिहायच्या नाहीत. त्या नुसते प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर ज्याचं त्यानं लिहायचं. नियम चांगलाच म्हणायचा. पण त्यामुळेच पुढं जे झालं त्यातलं एक अक्षरही मंजुश्रीला मॅडमच्या पदरात टाकता आलं नाही.

मॅडमनी लेख शांतपणे वाचला. लेखात आक्का होती. तिची शाळा कानडी आणि तीही चौथीपर्यंतच. पोरीला मराठी शाळेत घातलं तेव्हा तिला कळलं की आपण पोरीचा अभ्यास घेऊ शकत नाही. मग ती पोरीच्या पहिलीच्या पुस्तकावरून पोरीबरोबरच मराठी अक्षरं शिकली. कांड्या भरता भरता म्हणायची, वाच, मोठ्यानं वाच. माग चालू असताना हळू वाचलेलं ऐकूच यायचं नाही, म्हणून पोरगी ओरडून वाचायची आणि तशीच शाळेत वाचायला लागली की बाई दटावायच्या. परीक्षा आली की आक्का माग बंद करायला लावायची आणि बापाची बोलणी खायची.

वाचून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं. “मंजुश्री, या स्पर्धेला आलेल्या लेखांतले निम्मे तरी आईवर आहेत. सगळ्या आया सारख्याच. आणि तू लिहिलंयस बहिणीवर. बहिणीनं बहिणीसाठी एवढं करावं! हे वेगळं आहे गं.”

मंजुश्रीचं तोंड उघडलं होतं. ‘मॅडम, बहीण नव्हे,’ एवढे शब्द जिभेवर आले होते. पण ‘वेगळं आहे’ हे आधी कानात शिरलं आणि जिभेवरचं मागं सरलं. तिच्या लिहिण्याला आजवर कुणी वेगळं म्हटलं नव्हतं. स्वच्छ म्हटलं होतं, बरं म्हटलं होतं, अक्षर छान म्हटलं होतं. तिनं तोंड मिटलं.

“एकच प्रश्न राहतो,” मॅडम म्हणाल्या. “वाचणारा विचारेल, हे सगळं बहीण करतेय, मग आई कुठंय?” त्या थांबल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, “आई... नाहीत का?”

मंजुश्रीनं मान खाली घातली. ती शरमेनं घातली होती, पण समोरच्या बाईंना ती दुःखानं घातल्यासारखी दिसली. मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवला. “एक ओळ पुरे. जास्त नको. तुझ्या शब्दांत लिही.”

आणि मंजुश्रीनं लिहिलं. ‘मला समज येण्याआधीच माझी आई गेली, तेव्हापासून आक्काच माझी आई झाली.’ आपल्या हातानं, आपल्या पेननं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, “वा.”

त्या दिवशी घरी आली तेव्हा चंपाबाई भाकरी थापत होती. “आलीस? हातपाय धू, पिटलं गरम हाय,” म्हणाली. मंजुश्री हातपाय धुऊन ताटावर बसली. मेलेल्या आईच्या हातची भाकरी खायची म्हणजे सोपं काम नव्हे. सांगून टाकावं असं तिला वाटलं. मग वाटलं, नंबर कुठं येतोय आपला? येणार नाही, कुणाला कळणार नाही. मन असे बोळ बरोबर शोधून काढतं.

नंबर आला, आणि पहिला आला.

तिनं घरी सांगितलंच नाही. पण विद्यापीठानं फोटोसकट यादी काढली आणि ती फिरत फिरत मामाच्या मोबाइलवर आली. मामानं माग बंद केला आणि गल्लीभर ओरडत सुटला. चंपाबाईनं शेजारच्या मनुबाईला पेढा दिला आणि पोरीला विचारलं, “काय लिवलंस गं?”

“तुझ्यावरच,” मंजुश्री म्हणाली. हे खरं होतं, म्हणून जास्तच टोचलं.

“माझ्यावर? माझ्यावर लिवण्यासारखं काय हाय?” चंपाबाई लाजली. नव्या नवरीसारखी लाजली. “मी येणार ऐकायला.”

“लई लांब हाय आक्का. ऊन लागंल. भाषणं लई लांबत्यात.”

“लांबू देत की. मला काय सोन्याच्या कांड्या भरायच्या हाईत?”

समारंभाच्या दिवशी बाप आणि मामा मागावर राहिले आणि चंपाबाई पोरीबरोबर आली. आपल्याच मागावर विणलेली जांभळी साडी नेसली होती. सभागृहात ती तिसऱ्या रांगेत बसली, पाय जरा वर ओढून, पंख्याखाली. मंजुश्री स्टेजवर गेली. ती ओळ गाळायची असं तिनं बसमध्ये पक्कं ठरवलं होतं. पण विंगेत अनुराधा मॅडम उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ लेखाबरोबर हलत होते. त्यांना लेख पाठ झाला होता. मंजुश्रीला ओळ गाळायचा धीर झाला नाही. तिनं वाचली, आणि सवयीनं मोठ्यानंच वाचली, अगदी माग चालू असल्यासारखी.

सभागृहातून एक हळहळ आली. मंजुश्रीनं समोर बघायचं टाळलं, तरी नजर गेलीच. चंपाबाई मघापर्यंत आजूबाजूच्या बायांना कोपरानं ढोसून ‘माझ्यावरच हाय’ असं सांगत असणार. आता ती हात मांडीवर ठेवून बसली होती. लेख संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, जरा उशिरानं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम लगबगीनं आल्या. “तुम्हीच आक्का ना?”

“व्हय,” चंपाबाई म्हणाली.

“आईची जागा घेतलीत हो तुम्ही.”

चंपाबाईनं पोरीकडे बघितलं. मंजुश्री जमिनीकडे बघत होती. “घ्यायाच लागती,” चंपाबाई म्हणाली आणि हसली. मंजुश्रीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण धरणी असल्या कामाला येत नाही. मॅडमना कुणीतरी हाक मारली म्हणून त्या आत गेल्या.

दोघी हायवेच्या स्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या. मग चंपाबाईच म्हणाली, “जित्या माणसाला मेलं म्हटलं की आविष्य वाढतंय म्हणत्यात. मला बरंच मिळालं आज.”

मंजुश्री रडायला लागली.

“रडतीस कशाला? माझी लाज वाटली व्हय?”

“न्हाय गं आक्का. आईची शपथ, न्हाय.” आपण कुणाची शपथ घेतली हे कळून ती आणखी रडली. “मॅडम म्हणाल्या, आईवर सगळीच लिवत्यात. बहिणीवर असलं की येगळं हुतंय.”

चंपाबाईनं यावर विचार केला. बाजारात भाजी निवडतानाही ती असाच चेहरा करायची. “मग बरोबर हाय की. नंबर आला,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “पर एक सांगू? त्या बिचारीवर एकच ओळ लिवलीस. नऊ म्हयने पोटात ठेवलं असंल की तिनं बी तुला.”

चंपाबाई हे स्वतःबद्दल बोलत नव्हती. तिला त्या दुसऱ्या, मेलेल्या बाईची खरोखरच कणव आली होती. मंजुश्रीला ते सोसवलं नाही. बस समोर येऊन उभी राहिली होती. तिनं आईचा हात धरला आणि तिला परत विद्यापीठाच्या फाटकातून आत ओढत नेलं. “अगं बस! बस जाईल की गं!” चंपाबाई ओरडत होती. बस गेली.

अनुराधा मॅडम अजून व्हरांड्यात होत्या. मंजुश्रीला धाप लागली होती. “मॅडम, मी खोटं लिहिलं. ही माझी बहीण नाही. माझी आई गेलेली नाही. ही... ही माझी आई आहे.”

मॅडम बघतच राहिल्या. आधी पोरीकडे, मग चंपाबाईकडे. चंपाबाईच्या चेहऱ्यावर भीती होती. दिलेलं बक्षीस परत घेतात का, खोटं लिहिलं म्हणून पोरीला काढून टाकतात का, तिला कुठलं ठाऊक? चौथी शिकलेल्या बाईला विद्यापीठ म्हणजे पोलीस ठाण्याच्या वरताण वाटतं. तिनं पोरीचा दंड घट्ट धरला.

“न्हाय हो मॅडम,” ती म्हणाली. “मी थोरली भनच. तिला आपली ल्हानपनापासनं मला आई म्हणायची सवं हाय. आज लई भरून आलंय तिला.”

“आक्का!” मंजुश्री ओरडली.

“बघा, आता आक्का म्हणाली,” चंपाबाई म्हणाली.

मॅडमचे डोळे भरून आले. “अगं वेडे, हे आधी का नाही सांगितलंस? तू तिला आई म्हणूनच हाक मारतेस, हेच तर लेखात यायला हवं होतं! अंक अजून छापायला गेलेला नाही. सोमवारी ये केंद्रात. तेवढं घालू या.”

जन्मात पहिल्यांदाच मंजुश्रीनं चंपाबाईला आई म्हटलं होतं.

“जा बरं का सोमवारी,” चंपाबाई तिचा दंड न सोडता म्हणाली. “मॅडम म्हणत्यात तसं लिव.”

मंजुश्रीनं मॅडमकडे बघितलं, आईकडे बघितलं. “व्हय आक्का,” ती म्हणाली. दुसरं काही म्हणायची सोय तिनंच ठेवली नव्हती.