जोडीतली रिकामी जागा

डॉ. गायधनी सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजितीच होती. प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले, तर सरांनी एकही प्रश्न न विचारता बाही वर केली आणि म्हणाले, "काढा रक्त." मी काढलं. शीर पटकन सापडली म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. तेव्हा सर म्हणाले, "माझं नाव विचारलंत?"

"सर, नाशकात तुम्हाला कोण ओळखत नाही?"

"ओळखत असलात तरी विचारायचं. माणसानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगितल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही."

नोकरी मिळाली, पण ते ओशाळणं अजून आठवतं.

यकृताच्या कर्करोगावरचं औषध सगळ्यांना लागू पडत नाही. कुणाला पडेल, हे रक्तातल्या खुणांवरून, म्हणजे बायोमार्करवरून, आधीच ओळखता येईल का, या एका प्रश्नापायी सरांनी आपली उमेदीची वर्षं घातली. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या रक्ताच्या दोन नळ्या लागत. एक उपचाराआधीची, दुसरी उपचार सुरू झाल्यानंतरची. आम्ही त्यांना जोडी म्हणायचो. फ्रीझरमध्ये जोडीला शेजारशेजारची दोन घरं. पण पुष्कळदा दुसरी नळी यायचीच नाही, कारण माणूसच राहायचा नाही. जागा कमी पडू लागली तेव्हा मी म्हटलं, "सर, ती रिकामी घरं वापरू या का?" एरवी सर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी कडाडले, "ती रिकामी नाहीत!" मग बरीच खटपट करून त्यांनी दुसरा फ्रीझर आणवला.

घोटीच्या भातगिरणीतल्या एका कामगाराच्या पत्नीनं सरांना थेट विचारलं होतं, "ह्या रक्ताचा आमच्या मालकांना काय उपेग?" थाप मारली असती तरी कुणाला कळलं नसतं. सर म्हणाले, "ताई, यांना नाही. मागून येणाऱ्यांना, झाला तर." बाई म्हणाल्या, "घ्या मंग. मागनं लय लोकं येतील."

मालक गेल्यावर त्या पुन्हा आल्या. नळी बघायची म्हणाल्या. सरांनी हातमोजे चढवले आणि फ्रीझरचं दार उघडून दाखवली.

"शेजारी कुनाची जागा हाय?"

"त्यांचीच."

सर त्यांना बसपर्यंत सोडून आले.

प्रश्नाचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही. काही खुणा बऱ्याचदा खऱ्या ठरतात, काही ऐन वेळी दगा देतात. सर हे भर सभेत सांगतात, आणि म्हणूनच हारतुरे त्यांच्या वाट्याला कमी आले. मला याचा रागच येतो. त्यांना येत नाही.

पुढचं लिहिते आहे ते सरांना विचारूनच. पंचाहत्तरीच्या या वर्षी सरांनाच यकृताचा कर्करोग निघाला. मी ढसाढसा रडले, तर तेच मला म्हणतात, "अहो, आवरा. नमुने ओले होतील." उपचार सुरू व्हायच्या आधी ते इंदिरानगरच्या घरून प्रयोगशाळेत आले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली. पहिल्या दिवशी मी सुई टोचली तोच हात, आता पार वाळलेला. मी दंडाला पट्टा बांधला. सर वाट बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, "नाव सांगा."

"माधव त्र्यंबक गायधनी," सर म्हणाले, नवख्या रुग्णासारखे.

त्यांची पहिली नळी फ्रीझरमध्ये आहे. तिच्या शेजारचं घर मोकळं आहे. औषध लागू पडेल की नाही, मला माहीत नाही, आणि आजवर ज्यांना विचारत आले तेही या वेळी काही सांगत नाहीत. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकाच्या संपादकांनी शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितल्या आहेत. शंभर वर्षं जगा असं लिहायला माझा हात धजत नाही, सर. लिहिलं तर तुम्हीच पुरावा मागाल. तुम्ही फक्त दुसऱ्या नळीसाठी या. मी ओळख दाखवणार नाही. नाव विचारीन, तेवढं खणखणीत सांगा.