नागपूरचे पाहुणे

माणसाच्या मनातलं ओळखणारे आमच्या वऱ्हाडात गल्लोगल्ली सापडतील, पण जंतूच्या मनातलं ओळखणारे एकच गृहस्थ होते, आणि ते माझे धाकटे दीर होते. 'मनातलं' म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "वहिनी, जंतूले मन नसते, जनुकं असतात," असं ते कपाळाला आठ्या घालून सांगत. पण त्या जनुकांचे रुसवेफुगवे, अडून बसणं, लाडीगोडीनं राजी होणं हे सगळं ते इतकं रंगवून सांगायचे की मला वाटे, अहो, मग मन म्हणजे तरी आणखी काय असतं!

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आम्ही नांदुऱ्याला राहत होतो. शेती वडनेर भोलजीला, ती आमचे हे बघत, आणि भावजी नागपूरहून एम.एस्सी. होऊन इथल्या शाळेत शास्त्र शिकवत. शाळा सुटली की घरी येऊन मला शिकवत. मी चुलीपुढे आणि ते उंबऱ्यावर, हातात थंड झालेला चहा. त्यांचं म्हणणं असं, की जंतूच्या पोटात साऱ्या स्वयंपाकाच्या कृती असतात, पण तो सगळं एकदम रांधत बसत नाही. ज्या साखरेचं जेवण पुढ्यात येईल तेवढीच कृती उघडतो. बाकीच्या कृतींवर कोणीतरी बूड टेकून बसलेलं असतं, ते त्या त्या साखरेची चाहूल लागली तरच उठतं. "म्हणजे आपले मामंजी," मी म्हटलं, "चहाची कपबशी वाजल्याशिवाय बंगईचा झोका सोडून हलत नाहीत." भावजी इतके खूश झाले की तेव्हापासून त्यांनी घरातल्या प्रत्येकाची साखर शोधायला घेतली. यांचा राग कशानं चढेल, शेजारच्या काकू कोणत्या विषयावर हटकून रडतील, याचे ते आधीच अंदाज सांगत, आणि मेले ते अंदाज खरे ठरत. एकदा पंगतीत त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "आता दादा मिठाचं काढतीन," आणि यांनी खरोखर मिठाचं काढलं. मला हसू आवरेना. त्यावरून जे रामायण झालं त्याचा अंदाज मात्र भावजींनी बांधला नव्हता.

रोहिणखेडला त्यांच्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. मुलगी चांगली गव्हाळ, बोलकी, मॅट्रिक झालेली. सगळ्यांचं विचारून झालं, भावजींची पाळी आली. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "तुमच्याकडे हिवाळ्यात दही किती वेळात लागते?" मुलीच्या बापाला वाटलं, जावई संसारी आहे. त्यानं कौतुकानं आतून दह्याचं मडकंच आणवलं. झालं! भावजी मांडी ठोकून बसले, बोटानं चाखू लागले, मुलीच्या आजीला खोदून खोदून विचारू लागले. निघताना वाटीभर विरजण मागून घेतलं आणि मुलीकडे पाहायचं राहूनच गेलं. पुढे त्यांनी लग्न केलंच नाही. ते विरजण मात्र आमच्या घरी कितीतरी वर्षं नांदलं.

या सगळ्या खुळापोटी त्यांच्या जिवाला एकच आस होती. नागपूरला परत जायचं, त्यांच्या जुन्या सरांच्या हाताखाली संशोधन करायचं. नागपूरचं नाव निघालं की शब्द सावकाश यायचे, डोळे कुठेतरी लांब लागायचे. माझ्या मनाला त्यांचं ते बघणं फार लागायचं. माहेरची आठवण आलेली बाई अशीच बघते. सरांना पत्रं लिहून लिहून शेवटी एकदाचं कळलं, की सरांकडे एक जागा आहे आणि ते कामासाठी अकोल्याला येतील तेव्हा नागपूरला परतण्याआधी नांदुऱ्यापर्यंत येऊन भावजींचं काम बघून जाणार आहेत. पसंत पडलं तर जागा भावजींची, नाहीतर दुसऱ्या एका मुलाची.

काम म्हणजे एक बाटली. नागपूरहून काचेच्या नळीत आणलेले जंतू भावजींनी नुसत्या ग्लुकोजवर पोसले होते. आमच्या सासूबाई त्यांना 'नागपूरचे पाहुणे' म्हणत. आता त्यांना दुधातली साखर द्यायची होती. ती होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडून आणली, त्यांच्या गोळ्या तिच्याच असतात. बाटलीत लिटमस घातलेलं निळं पाणी. जंतूंनी साखर खाल्ली की पाणी आंबणार आणि लाल होणार. "पण लगेच नाही," भावजी आम्हां दोघींना सांगत होते. "यायले या साखरेची सवय नाही. बराच वेळ उपाशी बसतीन, मंग ती कृती उघडीन, मंग जेवतीन." सरांचं जेवण होईपर्यंत पाणी निळं राहील आणि विडा खाता खाता लाल होईल, असा त्यांचा अंदाज होता. तो त्यांनी खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर ठसठशीत लिहून ठेवला, बाटली चुलीच्या उबेला ठेवली आणि नवं धोतर नेसून स्टेशनवर गेले.

सर आले. उंच, मितभाषी, भला माणूस. हातपाय धुऊन दारावरचं वाचलं, हसले, म्हणाले, "बघू या." भावजींनी बाटली उचलून उजेडात धरली. पाणी लालभडक!

माझ्या शेजारी दाराआड सासूबाई उभ्या होत्या. त्या आनंदानं माझ्या कानाशी लागल्या. "पाह्य सुनबाई, कसे खुलले! सकायपासून उपाशी होते बिचारे. म्या थोडंसं गोड टाकलं त्यात. आपल्या घरी पाहुणा उपाशी बसवतेत का कोणी?"

आमच्या घराची रीतच ती, दारातलं कुत्रंसुद्धा कधी उपाशी गेलं नाही. त्या माउलीनं बाटलीच्या तोंडचा कापसाचा बोळा काढून आत गुळाचा खडा सोडला होता, आणि सवयीचं ग्लुकोज गुळातून आयतं मिळाल्यावर जंतूंना थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. मी पाहिलं तर भावजींची नजर बाटलीच्या तळाशी खिळली होती. खड्याचा विरघळायचा राहिलेला तुकडा तिथे होता. त्यांनी मान वर केली. दारात डोक्यावर पदर घेतलेली आई समाधानानं हसत होती. भावजींनी बाटलीचा तळ हळूच मुठीत झाकला.

"सर," ते म्हणाले, "माझा अंदाज चुकला."

मी पुढे होणार तोच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे पाय जागीच थांबले. सर जेवले, वांग्याच्या भाजीची तारीफ केली, भावजींच्या पाठीवर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. जागा त्या दुसऱ्या मुलाला मिळाली.

मी रात्रभर चिडले होते. सकाळी भावजी उंबऱ्यावर येऊन बसले तसं मी फटकारलंच. "एक शब्द बोलला असतात तर काय जिभेला काटे टोचले असते? तुमचा अंदाज तर खराच होता!"

"खरा होता, वहिनी," ते म्हणाले, आणि क्षणभर चेहरा असा उजळला की मलाच रडू आलं. "गोड भेटलं म्हणून थांबले नाहीत. बिलकूल माझ्या म्हणण्यासारखे वागले. पण सांगतलं असतं, तर मायले जन्मभर वाटलं असतं ना, की आपल्या हातानं पोराचं..." चहा घेतला आणि शाळेत गेले.

सासूबाई अधूनमधून विचारत, "काऊन रे, नागपूरले नेलं नाही तुले त्या सरानं?" भावजी म्हणत, "मीच नाही म्हटलं, माय. तिथं तुह्या हातची भाकर कोन देईन मले?" त्या हे साऱ्या गल्लीत मिरवत. भावजी संध्याकाळी फिरायला म्हणून स्टेशनावर जात आणि नागपूरची गाडी सुटली की परत येत. काही वर्षांनी ती जंतूंची गोष्ट शाळेच्या पुस्तकात छापून आली. आपण जे शोधायला निघणार होतो तेच भावजी पोरांना शिकवू लागले, आणि पोरं सांगत की तो धडा सरांइतका कोणी रंगवत नाही.

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात भावजी त्यांना चमच्यानं पेज भरवत. एका दुपारी त्यांनी चमचा बाजूला सारला. बोलणं खोल गेलं होतं.

"तुह्या त्या पाहुण्याईले म्या एकडाव जेवू घातलं होतं रे," त्या म्हणाल्या. "तुले न सांगता. खाल्लं होतं का त्यायनं?"

"हो, माय," भावजी म्हणाले. "सगळं खाल्लं. पोटभर जेवले."

सासूबाईंनी समाधानानं डोळे मिटले. मी मागे उभी होते, ती तशीच अंगणात गेले आणि पदर तोंडात धरून रडले. आता भावजीही राहिले नाहीत. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही, मीही त्यांच्या हयातीत तोंड उघडलं नाही. पण नागपूरच्या त्या सरांना एकदा तरी कुणी जाऊन सांगायला हवं होतं, की आमच्या भावजींचा अंदाज चुकला नव्हता.