ऐकू न आलेला प्रश्न

व्हर्नन स्टोल्ट्झनं पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या धावपट्टीवर अठ्ठावीस वर्षं लोकांना विमान चालवायला शिकवलं. शिस्तीचा माणूस. पण गेली काही वर्षं त्याला कमी ऐकू येत होतं, आणि ते त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं.

त्या शनिवारी राष्ट्राध्यक्ष जवळच मुक्कामाला यायचे होते, म्हणून आकाशाचा एक भाग बंद होणार होता. व्हर्ननने सकाळी हवाई माहिती केंद्राला फोन करून बंदची वेळ विचारली. पलीकडचा आकडा नीट कळला नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. दुपारनंतर असेल, असं त्यानं धरून टाकलं.

दहाच्या सुमाराला तो टेरेसाला घेऊन उडाला. टेरेसा कुबिकी शाळेची बस चालवायची. चाळिशी उलटल्यावर तिनं हे शिकायला घेतलं होतं. थोड्या वेळानं तिच्या कानावरच्या हेडफोनमध्ये कुणीतरी एका छोट्या विमानाला हाका मारू लागलं.

"व्हर्नन, हे आपल्यालाच म्हणतायत का?"

"छान चाललंय. असंच राहू दे," तो म्हणाला.

ती विमान तसंच सरळ चालवत राहिली. गुरुजींना कळतंय म्हणजे झालं.

आणि मग डाव्या बाजूला करड्या रंगाचं लढाऊ विमान आलं. इतकं जवळ, की आतल्या माणसाचं शिरस्त्राण दिसलं. ‘मागे या’ अशा खुणेनं त्यानं पंख हलवले, पुढे जाऊन इशाऱ्याचे धगधगते गोळे सोडले. व्हर्ननने विमान आपल्या हाती घेतलं, पंख हलवून उत्तर दिलं आणि मुकाट्यानं त्याच्या मागोमाग जाऊन उतरला.

खाली दोन अधिकारी उभेच होते. "हाका ऐकल्या नाहीत?"

टेरेसा चटकन म्हणाली, "रेडिओ खरखरत होता, साहेब."

व्हर्ननने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलताना तिचे कान लाल झाले होते.

"रेडिओ ठीक आहे," तो म्हणाला. "मलाच ऐकू येत नाही. हिनं मला विचारलं असणार. मी भलतंच काहीतरी बोललो असेन."

घरी त्यानं बायकोला, आर्लीनला, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तीनदा."

त्याचा परवाना गेला. टेरेसा महिनाभर धावपट्टीकडे फिरकली नाही. मग दुसऱ्या शिक्षकाकडे जाऊ लागली. पास झाल्यावर तिनं त्याला फोन केला, "चला ना, एक चक्कर मारू." त्यानं गुडघ्याचं निमित्त काढलं. त्या गोळ्यांच्या जागी दुसरं काही सुटलं असतं तर, हा विचार त्याच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता.