स्वतःचीच नक्कल

लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर एस्टस टिब्सचा सॅक्सोफोन ठाऊक नाही असा माणूस नव्हता. दिवसा तो बंदरात जहाजांचं वेल्डिंग करी आणि सुटला की क्लबात वाजवी. काल वाजवलेलं आज पुन्हा वाजवणं म्हणजे पाहुण्याला शिळं वाढणं, असं तो आणि त्याचे सोबती मानत. याच तोऱ्याने चाळिशीत त्याला गोत्यात आणलं.

युद्धाचे दिवस होते. एका स्टुडिओने त्यांच्या मैफलीचा छोटा सिनेमा काढायला घेतला. आधी नुसता आवाज मुद्रित झाला. एस्टसने जीव ओतून वाजवलं. मग दिग्दर्शक लँडिस म्हणाला, "पुढच्या आठवड्यात हीच तबकडी लावून चित्रण करू. बोटं मात्र तंतोतंत अशीच फिरली पाहिजेत."

एस्टसच्या तोंडचं पाणी पळालं. काय वाजवलं ते त्याला कुठे आठवत होतं?

तबकडी घरी आणून त्याने आठवडाभर घोकली. बायको ऑडेसा शेजारी इस्त्री करत ऐकायची. दोन ओळी सरळ जात, तिसरीला बोटांना काहीतरी नवं सुचे आणि गाडी घसरे.

चित्रणाच्या दिवशीही तेच. शेवटी लँडिसने हात टेकले. "आणखी एकदाच बघू. नाहीतर तुमची पाठ दाखवतो."

"पाठच दाखवा साहेब," ट्रम्पेटवाला वायली म्हणाला, "याच्या थोबाडापेक्षा बरी आहे."

सगळे हसले, एस्टस सोडून. दूर बोमाँट गावी त्याची म्हातारी आई होती. पोराचं क्लबातलं वाजवणं तिला पाप वाटे, म्हणून तिने ते कधी पाहिलं नव्हतं. "सिनेमात दारू नसते, तिथे बघेन," एवढं मात्र ती कबूल झाली होती. आता तिला काय पाठ दाखवायची?

डबा घेऊन आलेली ऑडेसा कोपऱ्यातून उठली.

"साहेब, इथे आत्ता बोललेलं सिनेमात ऐकू येतं का?"

"नाही. आवाज आधीच घेतलाय."

"मग मी ओरडले तर चालेल ना?"

त्यांच्या चर्चमध्ये पुस्तकं थोडी, म्हणून डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी, भजनाची ओळ आधी सांगे आणि मंडळी ती मागून गात. ऑडेसाचा बाप तसलाच डीकन. ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली. तबकडी सुरू झाली तशी तिने प्रत्येक ओळ जराशी आधी खड्या आवाजात सांगितली, "दा-बा-दू, दी-दा." इस्त्री करता करता तिचं सगळं पाठ झालं होतं. एस्टस मागोमाग जाऊ लागला. डीकनच्या ओळीत स्वतःची भर घालायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. तिसरी ओळ आली आणि सरळ निघून गेली.

"झालं," लँडिस म्हणाला. एस्टसचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खुर्चीत बसला आणि लाज न बाळगता रडला.

"जेव आता," ऑडेसा म्हणाली. "माझा घसा बसलाय."

सिनेमा बोमाँटला पोचला तेव्हा म्हातारीने वाण्याच्या दुकानातून फोन केला.

"बघितला. सारखा बाजूला कुणाकडे बघत होतास रे?"

"ऑडेसाकडे. ओळी सांगत होती."



"तरीच," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं, पोरगं चर्चमध्ये बसलंय."