भाकरीनंतर, भाताआधी

यमुनामावशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्यावर चिडलो होतो, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल करून टाकतो. माझा जुना विद्यार्थी दिगंबर हा नवलाख उंबरे या गावी कारखान्यात आहे. एका रविवारी दुपारी तो मला कामशेतला मावशींच्या हॉटेलात जेवायला घेऊन गेला. पवना धरणाच्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड, सात टेबलं, मागे स्वयंपाकघर. पिठलं-भाकरी झाली आणि मी भात मागितला.

"भात न्हाई अजून," मावशी म्हणाल्या. "आदी गानं."

तळेगावात तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस मी. मला असं कुणी अडवलेलं चालत नाही. "अहो बाई, मी जेवायला आलोय!"

"मग बसा की. जेवान कुटं पळून चाललंय?"

मी फणफणत बसलो. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून दिगंबर उठला, हात धुऊन आला आणि माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून गायला लागला. वर्गात ज्याला मी 'तोंड बंद ठेव' म्हणून दटावत असे, तो हा मुलगा! माइक नाही, मंच नाही. त्याच्या गळ्याची शीर हलताना दिसत होती. मी भात विसरलो.

या बैठकांची सुरुवातही दिगंबरचीच. तो जेवताना गुणगुणायचा. एकदा मावशींनी बाकीच्या टेबलांना गप्प केलं आणि त्याला म्हणाल्या, "नीट म्हन, आमी ऐकतो." तेव्हापासून दर रविवारी दुपारी कुणी ना कुणी येतं. कुणी पेटी वाजवतं, कुणी गोष्ट सांगतं. लोणावळ्याची एक शिक्षिका स्वतःच्या कविता वाचते.

आणि मावशींची व्यवस्था! मोठमोठ्या नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी तोंडात बोटं घालावीत. उपाशी माणूस हसत नाही आणि भात खाल्लेला माणूस पेंगतो, हे त्यांनी गिऱ्हाइकांकडे बघून बघून ओळखलेलं. म्हणून भाकरी आधी आणि भात कार्यक्रमानंतर. शिवाय मावळातला माणूस भात खाल्ल्याशिवाय पानावरून उठत नाही, भातही आमच्या इंद्रायणी तांदळाचा, त्यामुळे मधूनच कुणी निघून जायचीही भीती नाही. पापड कुरकुरतो, म्हणून रविवारी पापड नाही. मिक्सर बंद, कुकर उतरवलेला. पटकन हसू येणारी माणसं पुढच्या टेबलांवर, चिकित्सक मंडळी मागे. मला कायम मागे बसवत, यावरून काय ते समजा.

शिस्तीला त्या फार कडक. एकदा शिक्षिकाबाई कविता वाचत असताना गाडीतून आलेले चार पाहुणे फोनवर मोठमोठ्यानं बोलू लागले. मावशींनी त्यांची ताटं स्वतः उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन मांडली. "तुमचं बोलनं झालं की आत या, गरम भाकरी देते." आवाजात राग अजिबात नव्हता. पाहुणे निमूट बाहेर गेले आणि थोड्या वेळानं फोन खिशात घालून आत आले. मावशींनी त्यांना खरोखरच गरम भाकरी वाढली.

आता माझं सांगतो. मी एकेकाळी एकपात्री प्रयोग करत असे. एका पोस्टमनची गोष्ट, माझीच लिहिलेली. पुण्यात एका नाट्यगृहात प्रयोग चालू असताना मी पुढचं वाक्य विसरलो. अर्ध्या मिनिटात कुणीतरी पडदा पाडला. त्यानंतर सहा वर्षं मी कुठेही उभा राहिलो नाही. कुणी विचारलं तर घसा बरा नाही, असं खुशाल खोटं सांगत असे. दिगंबरनं ते मावशींच्या कानावर घातलं असणार, कारण एका रविवारी त्या सरळ म्हणाल्या, "मास्तर, म्होरल्या रविवारी तुमचा पोस्टमन."

"मावशी, मला नाही जमायचं आता."

"मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पन ऐकायचाय."

मी उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. पोस्टमन दारात आला, हातात तार, आणि पुढचं वाक्य गेलं! तेच, पुण्यात गेलेलंच. समोर सात टेबलं आणि एवढे डोळे. आता पुन्हा बसलो तर आयुष्यात परत उठायचो नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. मागच्या टेबलावरचे एक आबा दयेपोटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, दमलं मास्तर. मावशे, भात आन आता."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. भाताचं पातेलं बाजूलाच होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"भात न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "मास्तरांचं व्हायचंय."

कुणी घड्याळ पाहिलं नाही. आबासुद्धा हात पुसून माझ्याकडे बघत बसले. किती वेळ गेला देव जाणे! आणि मग ते वाक्य आलं. पोस्टमननं तार वाचली. पुढच्या टेबलांवरची हसरी माणसं रडली, आणि मीही रडलो. लपवायचं कशाला?

नंतर मी विचारलं, "मावशी, मला आठवलंच नसतं तर?"

"भात गार झाला आसता. दुसरा लावला आसता. त्यात काय?"

अहो, त्यात काय! इतका धीर माणसाच्या अंगी येतो कुठून, हे मला अजून उमगलेलं नाही. त्यानंतर मी ठिकठिकाणी प्रयोग केले, पुण्याच्या त्या नाट्यगृहातही केला.

मावशी पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. गुडघे कुरकुरतात, तरी त्या दारात उभ्या राहूनच ऐकतात. सत्काराच्या दिवशी मात्र आम्ही त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवणार आहोत आणि समोर मी पोस्टमन करणार आहे. मावशी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघे ठणठणीत होवोत, कान असेच तीक्ष्ण राहोत. माझंही वय झालंय, वाक्यं आता जास्तच निसटतात. त्या दिवशी अडलो, तर थांबाल ना?