शेअर प्रीमियमची ओळ

हिशेबखात्यात तिला सगळे वाचनबाई म्हणत. ताळेबंद छापायला जाण्याआधी तो मोठ्यानं वाचून ताडायचा, ही त्या कंपनीची जुनी पद्धत. एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं मूळ कागदावर लाल टिक करून "आहे" म्हणायचं. पान संपलं की "पान उलट" म्हणायचं, तेही टिक करणाऱ्यानंच. ती वाचायची, टिक करणारा तिचा नवरा. लग्नही त्याच खोलीत ठरलं. ताळा जमला, म्हणून खातं अजून हसतं.

नवरा गेला. त्याची लाल पेन्सिल तिनं चितेवर त्याच्याबरोबरच पाठवली. साहेबांनी नवा जोडीदार देऊ केला, तर तिनं नको म्हटलं आणि निळ्या पेनानं स्वतःच टिका करू लागली. आता पुरे, माझ्याकडे राहायला ये, म्हणून मुलगी सारखी मागे लागायची. ती काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची. खरं सांगितलं असतं तर मुलीनं थेट डॉक्टरकडे नेलं असतं.

खरं एवढंच, की एका ओळीला उत्तर यायचं. बंद खोलीत ती जमीन, यंत्रं, येणी वाचत जायची, सगळं चिडीचूप. शेअर प्रीमियमचा आकडा वाचला की समोरच्या रिकाम्या खुर्चीतून, आधी घसा खाकरून, "आहे."

ती ओळ त्यानंच तिला शिकवली होती. "दहाचा शेअर कंपनीनं नव्वदला विकला," तो म्हणाला होता. "दहा भांडवलात गेले, वरचे ऐंशी इथं. हा धंद्यातला नफा नव्हे नि कुणाचं कर्जही नव्हे."

"आणि बाजारात तो आता दोनशेला जातो, ते?"

"ते विकणाऱ्याच्या खिशात. आपल्या दारात पहिल्यांदा आलं तेवढंच इथं बसतं."

बाकी आकडे दरवर्षी कोलांट्या मारत. कंपनीनं पुन्हा शेअर काढले नाहीत, म्हणून हा जागचा हलला नाही. गेलेल्या माणसालाही टेकायला न हलणारी जागाच लागत असावी.

यंदा साहेबांनी सांगितलं, की साचलेला तोटा प्रीमियममधून वळता केलाय. भागधारकांचं मत, कोर्टाची परवानगी, सगळं रीतसर. "पैसा कुठं जात नाही, बाई. तोटाही पुसला, प्रीमियमही पुसला. ताळेबंद कसा न्हाऊन आल्यासारखा." ती हं म्हणाली.

दार लावून ती वाचायला बसली. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद. ती ओळ आली.

"शेअर प्रीमियम. शून्य."

काही नाही. खुर्ची नुसती खुर्ची. तिनं पुन्हा वाचलं. काही नाही.

मग तिचं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं. ताळेबंदात यंदाच्या आकड्याशेजारी मागल्या वर्षाचा द्यावाच लागतो. तिथं तो होता, सगळाच्या सगळा. तिनं दबक्या आवाजात वाचला.

"आहे."

या वेळी खुर्चीतून नाही. अगदी कानामागून.

तिनं त्या आकड्यावर बोट दाबून धरलं. पुढल्या वर्षी शून्य सरकून याच रकान्यात येणार. मग हा कुठं जाणार? बाहेरून साहेबांनी टकटक केली, छापखान्याचा माणूस खोळंबलाय म्हणाले. तिनं बोट उचललं नाही.

"पान उलट."

पान अजून संपलं नव्हतं. पान संपायच्या आत तो हे कधीच म्हणाला नव्हता. ती रेंगाळली की लावायचा तोच सूर मात्र होता, थोडा वैतागलेला, थोडा लाडाचा. तिनं बोट उचललं आणि पान उलटलं.

राहिलेलं भराभर वाचून तिनं कागद साहेबांच्या हातात दिले. "पुढच्या वर्षी वाचायला दुसरं कुणी बघा. मी मुलीकडे चाललेय."

साहेब पानाकडे बघत होते. "बाई, सगळ्या टिका निळ्या. मागल्या वर्षाच्या प्रीमियमवर ही एकच लाल कशी?"

"ज्याचं काम त्यानं केलं," ती म्हणाली, आणि खोलीचं दार ओढून घेतलं.